नाल्यापलीकडची गाडी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे, वहिनीचं पित्त आणि तुमची नवी गाडी, तिघंही ठणठणीत असतील असं धरून चालते. आई बरी आहे. म्हणजे आहे तशी आहे.

या घरात आल्यापासून एकच ताप. आईला डायलिसिसला न्यायला दवाखान्याची गाडी यायची ती नाल्यापलीकडे. दर खेपेला नवा ड्रायव्हर, पण उभा तिथंच. आई इकडे खुर्चीत, तो तिकडून ओरडतोय, "मावशी, मी पोचलो!" (पोचला म्हणे! आईनं काय उडी मारायची?) पुलावरून वळसा घालून येईस्तोवर आईची पाळी दुसऱ्याला. एकदा तशीच परत आणली, पाय सुजून हे एवढाले. मी ड्रायव्हरला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "माझ्यावर काय तापता? नकाशाच इथं आणतो. फुकटचा आहे, जगभरातले लोक मिळून करतात. त्यांना सांगा."

फुकटचं म्हटल्यावर मी आशाच सोडली. तरी फोनपुढे बोलले, फोननं त्यांच्या भाषेत करून धाडलं. (शिव्या गाळल्या असाव्यात, उत्तर फार गोड आलं.) म्हणे, चूक पुन्हा घडवून दाखवा. पुन्हा? माझं डोकंच फिरलं. मग आठवलं, शिवायला बसते तेव्हा मी तरी काय करते? काखेत आवळतंय म्हणणारीला आधी घालून दाखव म्हणते. बोलावली पुन्हा गाडी, काढले फोटो. आणि दादा, कुठली कोण बाई, तिच्या दारात म्हणे गुडघाभर बर्फ, तिनं खोट शोधली: नकाशा सरळ रेषेत मोजून घराला सगळ्यात जवळचा रस्ता धरायचा, मधला नाला त्याच्या हिशेबातच नव्हता. तिनं दुरुस्त केलं, दुसऱ्यानं तपासलं, तिसऱ्यानं नावं ठेवली, तिनं पुन्हा केलं. पगार कुणालाच नाही. आईला पाहिलेलं कुणीच नाही! आईला म्हटलं, तुझ्या खुर्चीपर्यंत गाडी यावी म्हणून परकी माणसं भांडतायत गं. ती फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. हातातलं काम टाकून मीही तिच्याशेजारी बसले. माझं असं कधी झालंय का, तूच सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. ज्यानं तक्रार केली त्यानंच 'झालं' म्हणायचं, तोवर ते काम मिटवत नाहीत. दवाखान्यानं आता एकच ड्रायव्हर कायमचा दिलाय, त्याला रस्ता पाठ, नकाशा तपासायला त्याचं येणं धरता येत नाही. या घरी एकदाही न आलेला माणूस हवा. मला तूच आठवतोस.

ता. क. आणखी एक. आईपुढे नकाशाच्या तपासणीचं काढू नकोस. तू आपणहून येतोयस, असं तिला सांगून बसलेय.