कोर्टाची मैत्रीण आणि घरचा उपास

भोईवाडा, परळ

ती. इरावतीवन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

वेंगुर्ल्याला तुमचे गुडघे, भावोजींचा खोकला आणि नवी मांजर अशी सगळी मंडळी ठीक असतील असं धरून चालते. ह्यांचा फोटो बघून तुम्ही विचारलंत, "पुष्करला उपाशी ठेवतेस का गं?" होय वन्सं, ठेवते. पण कायद्याने.

झालं असं की लालबागच्या एका चाळीचा टॉवर झाला आणि आमची मासळीवाली जाईबाई, तिथली जुनी भाडेकरू, नवव्या मजल्यावर गेली. चेअरमन हितेंद्ररावांनी नियम काढला की समोरच्या लिफ्टला वास लागतो, सबब मासळीवाल्यांनी मागच्या, मालाच्या लिफ्टने जावं. (त्यांचा कुत्रा समोरच्याच लिफ्टने फिरतो आणि जाईबाई दिसली की शेपूट हलवतो. वासाबद्दल त्याची काही तक्रार नाही.) मालाची लिफ्ट बहुतेक बंद, म्हणजे साठीच्या बाईने टोपली घेऊन नऊ मजले चढायचे. हा भेदभाव आहे म्हणत ती कोर्टात गेली आणि कोर्टाने वकिलांमधून मला न्यायमित्र नेमलं. न्यायमित्र कोणाच्याच बाजूचा नसतो. दोन्हीकडचे जे सांगत नाहीत ते त्याने कोर्टाच्या नजरेस आणायचं. मान नावापुरता, राग दोन्हीकडून. सून म्हणून वीस वर्षं काढलेल्या बाईला यात नवं काही नाही.

ही आमची नेहमीची मासळीवाली, हे मी कोर्टात आधीच सांगून टाकलं. हरकत कोणी घेतली नाही, फक्त निकालापर्यंत तिच्याकडून काही घ्यायचं नाही असं ठरलं. बरं, दुसरीकडून मासळी घ्यावी तर जाईबाईला वाटणार, मी फितूर झाले! म्हणून घरात दुधी.

जाईबाई दारात येऊन म्हणते, "बाय, तू जज्जसायबांची मैतरीण ना? चाय पिताना येक शब्द टाक की!" हितेंद्रराव बर्फी घेऊन आले, "मॅडम, आपण सुशिक्षित माणसं..." बर्फी परत गेली. तुमचे बंधू तिला दारापर्यंत पोचवायला गेले होते.

दोन तारखा नुसत्या वासावर गेल्या. मग मी दोन्ही बाजूंना घेऊन जागेची पाहणी ठेवली. जाईबाई रिकाम्या हाताने, नवं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून आली. वॉचमन सवयीने म्हणाला, "मावशी, पीछेवाली लिफ्ट."

"आरं, आज टोपली कुठंय?"

"साब ने टोकरी का नहीं बोला. आपका बोला."

हितेंद्ररावांना एकदम खोकला आला. (भावोजींचं औषध कळवा.) मी अहवालात वॉचमनचं तेवढं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पानभर भांडले नाही म्हणून जाईबाई रुसली. पण कोर्टाने नियमाला स्थगिती दिली, आणि आता ती समोरच्या लिफ्टने जाते, टोपलीसकट. कुत्रा सोबतीला असतो.

आपली,
सरोजिनी

ता. क. अंतिम निकाल बाकी आहे, म्हणजे दुधीही चालूच. तेव्हा सुकट, सोडे, सुके बांगडे, जे असेल ते कोणाबरोबर तरी पाठवा. तुमच्या भावासाठी हो.

ता. क. पुन्हा: पाकीट चिकटवण्याआधी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला. तळलेले बोंबील! चौकशीअंती कबुली मिळाली: गिरगावातली खाणावळ, दर बुधवारी. वास लागतो, हे हितेंद्ररावांचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. पार्सल फक्त माझ्या नावाने पाठवा.