जहाज वाळवंटात फिरू लागले त्याबाबत

सोलापूर, सात रस्त्याजवळ
मंगळवार, सकाळ

श्रीयुत धनाजीराव यांसी,

तुमचे दाजी आबासाहेब यांचा सोलापूर मुक्कामाहून नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे, असे लिहावयाची रीत असल्यामुळे लिहिले. प्रत्यक्षात तसे नाही, ते ओघाने येईल. तुमच्या मंडळींचा गुडघा आता कसा आहे? मंगळवेढ्याकडे ज्वारी कणसात आली असेल. मेंढरे बरी असतील. विशेषतः तुमचा तो पोपटासारख्या नाकाचा मेंढा, पहिलवान, त्याची प्रकृती कशी आहे? खातो-पितो ना? (सहज विचारले.)

हाताशी फोन असता पत्र कशासाठी, असे तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही दर वाक्याला "व्हय की दाजी" म्हणता आणि मला वाटते की सर्व मान्य झाले. मागाहून कळते की तुम्ही मेंढरे मोजत होता. कागदावर तसे होत नाही. शिवाय मी जुन्या काळची चौथी उत्तीर्ण असून माझे अक्षर तालुक्यात वाखाणले गेले आहे.

तुमच्या भाच्याचा थोरला मुलगा, आमचा नातू आदिनाथ, गेली दोन वर्षे मालाच्या मोठ्या जहाजावर आहे. (तो जहाज चालवतो, असे मी मागे लग्नात सर्वांस सांगितले होते. तो इंजिनाचे तेल-पाणी बघतो. तेलाशिवाय कोणते जहाज चालते?) त्या जहाजावर लोखंडी कंटेनर रचतात, एकेक एसटीएवढा, असे हजारो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यापासून त्यांची कंपनी आफ्रिकेला पूर्ण वळसा घालीत असे. दहा-बारा दिवस जास्त लागत, पण मला ते पटले होते. ज्या गावात कळपावर दगड पडतात, ते गाव आपले वडीलही दूरच्या वाटेने टाळीत. या खेपेस मात्र साहेबलोकांनी ठरविले की आता शांत आहे, जवळच्या वाटेने चला. आदिनाथचा फोन आला, "आबा, चार दिस फोन लागणार न्हाय. काळजी करू नका." त्या क्षणापासून मी काळजीस प्रारंभ केला.

नात संस्कृती हिने माझ्या मोबाईलवर एक ॲप घालून दिले आहे. त्यात जगातील सर्व जहाजे बाणाच्या रूपाने दिसतात. आदिनाथचा बाण मी रोज सकाळी आंघोळीनंतर बघतो आणि चहाच्या टपरीवर मंडळींना वृत्तांत सांगतो. गेल्या गुरुवारी बघतो तो बाण समुद्रात नाही. अरबस्तानच्या वाळूत, पाण्यापासून वीस कोस आत. चष्मा पुसला. देवाला दिवा लावून पुन्हा पाहिले. जहाज वाळूतच, आणि तेथे ते गोल गोल फिरत होते.

धनाजीराव, गोल फिरणे म्हणजे काय, हे तुम्हांआम्हांस सांगावयास नको. मेंढराच्या मेंदूत पाण्याचा फोड झाला, की ते मान वाकडी करून एकाच अंगाला गरगर फिरते आणि पंधरा दिवसांत जाते. मी तडक उठलो. मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार दिग्विजय म्हणाला, "काका, तुमचा फोन येकदम बरोबर हाय. जहाज तितंच हाय बगा." शेजारचे अण्णाराव धीर देण्यास आले. म्हणाले, "आबासाहेब, वाळूत हाय म्हंजी बुडणार तर न्हाय की." अशा माणसास चहा द्यावा लागतो, हे शहरातील दुःख आहे.

अखेर कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत फोन केला. बाई सभ्य होत्या. जहाज सुरक्षित आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, पाण्यात आहे का, एवढेच सांगा. त्यांनी थांबावयास सांगून सनई लावली. अकरा मिनिटे सनई ऐकली. नंतर मी नम्रपणे सुचविले की त्या जहाजास इतरांपासून वेगळे काढून सावलीत उभे करावे. फोन तुटला.

त्या सायंकाळी मी देव्हाऱ्यापुढे बसून बिरोबाला नवस बोललो. नवसाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाण पाण्यात होता. टपरीवर मी स्वतःच्या पैशाने सर्वांस चहा दिला. संस्कृती मात्र म्हणते, "आबा, ते जहाज पाण्यातच हुतं. लढाईच्या मुलखात कुणीतरी खोटे सिग्नल सोडतंय, त्यानं सगळ्यांचे नकाशे चुकतात." असेल. पण चार दिवस म्हणता म्हणता आज नववा दिवस उजाडला, अद्याप त्याचा फोन नाही. बाण बरोबर असला तरी बाण बोलत नाही.

घरातील लहानांस आशीर्वाद. पहिलवानाच्या पाठीवरून माझ्या नावाने एकदा हात फिरवावा.

आपला,
आबासाहेब

ता. क. पाकीट शोधत असतानाच आदिनाथचा फोन आला. सुखरूप आहे. हसत होता. "आबा, नकाशा येडा झालता, आमी न्हाय." मला ते ठाऊक होते, असे मी त्यास सांगितले. मग काही वेळ चष्मा सापडेना. तो हातातच होता.

दुसरा ता. क. नवस बिननावाच्या जनावराचा चालत नाही, हे तुम्ही जाणता. माझ्यापाशी शहरात मेंढरू नाही. डोळे मिटले असता मला एकाच मेंढ्याचे नाव आठवले, ज्याला तुम्ही स्वतःच्या हाताने दूध-अंडे चारता. तुमच्या भगिनी मला म्हणाल्या, "माज्या भावाचा मेंढा बोलताना जिभंला हाड न्हवतं व्हय?" तेव्हापासून त्यांनी अबोला धरला आहे, भाकरी वेळेवर मिळते. जहाज वाळूत नव्हतेच, तर देवाने काही केलेच नाही, असे संस्कृतीचे म्हणणे. पण हे बिरोबाला कोणी सांगावयाचे? तथापि मी "देतो" म्हणालो आहे, "कापतो" म्हणालेलो नाही. तेव्हा पहिलवानास देवाच्या नावाने सोडावे. तो तुमच्याच दारात राहील. फक्त विकू नये, ही विनंती. फोनवर हे बोलण्याचे मला धैर्य झाले नसते.

तिसरा ता. क. आदिनाथ म्हणाला, परतीची वाटही तीच आहे. पहिलवानाच्या शेजारी जो काळ्या तोंडाचा मेंढा बांधलेला असतो, त्याचे नाव काय, ते उलट टपाली कळवावे. निव्वळ माहितीसाठी.