हाड धरतंय

३ मार्च
आज नोकरीवर रुजू झालो. बसस्थानकावर उद्घोषक, राहायला ताईच्या घरची वरची खोली. जेवताना ताईला माझ्या खालच्या दोन दातांची रिकामी जागा दिसली. म्हणाली, माईकवर असा वारा सोडत बोललास तर लोकांना भलत्याच गाडीत बसवशील. भाऊजी पोट धरून हसले. इम्प्लांट करायचं तिनेच ठरवून टाकलं.

११ मार्च
जबड्यात दोन स्क्रू बसले. भूल होती तोवर मी राजा होतो. घरी पोचेपर्यंत ब्रह्मांड आठवलं. गालाचा भोपळा झालाय. बर्फ, गोळ्या, गार दूध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार दिवस सोसा. मग हाड हळूहळू स्क्रूला धरेल, तीन-चार महिने लागतील.

२१ मार्च
टाके निघाले, सूज उतरली. दुपारच्या सगळ्या गाड्या मीच पुकारल्या. खोल आत मात्र कुणीतरी स्क्रू आवळतंय असं वाटत राहतं.

२ एप्रिल
एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई खूश. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं म्हणे. हाड इतक्या लवकर धरताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग तोंड दोनच बोटं का उघडतं, असं विचारलं. स्नायू आखडलेत म्हणाल्या, व्यायाम दिला.

९ एप्रिल
आता एकच बोट. साहेब म्हणाले, तुमचं बोलणं कळत नाही. माईक दुसऱ्याकडे गेला. ताई गाल शेकून देते, पण नजरेला नजर देत नाही.

१३ एप्रिल
पुन्हा एक्स-रे. स्क्रू दिसतच नाहीत. सगळं पांढरं, थेट कानापर्यंत. काढून टाका, असं कागदावर लिहून दिलं. बाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. मग म्हणाल्या, "कुठून काढू?" 

१५ एप्रिल
काल मोठ्या इस्पितळात थोडं हाड कापून पाहिलं. आज तिथे दुप्पट.

१७ एप्रिल
दातांवर दात मिटले. रिकाम्या जागेतून नळीने दूध. आता दुखत नाही. त्याचीच भीती—

१९ एप्रिल
मान वळत नाही. उजवा कान बंद. ताई दाराशी बसून तेच तेच म्हणते, मीच तुला तिथे नेलं, मीच. भाऊजी तिला खाली नेतात. ती परत येते.

२० एप्रिल
खांदा. मग कोपर. पेन तीन बोटांत—

२१ एप्रिल
तिला सांगायला हवं. बोलता येत नाही, लिहून ठेवतो. अंगठा अजून हलतोय—

ताई, यात तुझी चूक