तिपाई गप्प का होती

ती. आत्यास,

बसल्या जागेवरूनच नमस्कार (वाकता येत नाही, तीन आठवडे पाठ धरली आहे, कारण पुढे येईलच). तुझे गुडघे काय म्हणतात? नव्या चष्म्यातून एका पायरीच्या दोन दिसत होत्या, त्या आता एकेकच दिसतात ना? मी मजेत. दिवसभर डेंटल लॅबमध्ये कवळ्या घडवते. समोर प्लास्टरचे चाळीस जबडे मांडलेले असतात आणि एकही बोलत नाही, म्हणून घरी आल्यावर मी बोलणाऱ्यांत जाते. ते म्हणजे आमचा ऑनलाइन फोरम, इंटरनेटवरचा कट्टाच समज. तिथे मी एक खेळ चालवते. बारा जण, एक खोटं गाव, त्यात तीन चोर. चोर कोण हे त्या तिघांना आणि मला, सूत्रधार म्हणून, ठाऊक. बाकीच्यांनी रोज निदान एकदा लिहायचं, संशय घ्यायचा आणि मत द्यायचं. सगळ्यात जास्त मतं पडतील तो बाद, आणि मुदतीत चोर सापडले नाहीत तर चोर जिंकले. (तू म्हणशील, या वयात? त्या बारा जणांपेक्षा मीच लहान आहे.)

तर झालं असं, की ‘तिपाई’ नावाचा एक खेळाडू अचानक लिहायचा थांबला. आमच्याकडे सगळ्यांना टोपणनावंच असतात. नियम मीच केलेला आहे: तीन दिवस गप्प राहिला तो बाद. मी पहिल्या दिवशी आठवण पाठवली, दुसऱ्या दिवशी जरा कडक पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी बाद करायच्या ऐवजी वाट बघत बसले. कारण गावात दुसरा विषयच उरला नव्हता. ‘फौजदार’ म्हणून एक बाई आहेत (खऱ्या आयुष्यात बालवाडीच्या शिक्षिका), त्यांनी लिहिलं की जो गप्प बसतो त्याच्या पोटात काहीतरी असतं. दुसऱ्याने लिहिलं की हा माणूस खोल आहे, सगळ्यांना जोखतो आहे. तिसऱ्याने तिपाईच्या जुन्या चार ओळींवर दोन पानं अर्थ लावला. आणि मला एकटीला माहीत, की तिपाई साधा गावकरी आहे, आणि फौजदारबाईच चोरांची म्होरकी! सांगायची सोय नाही. जीभ चावून चावून, माझ्याच लॅबमध्ये माझ्यासाठी काहीतरी घडवावं लागतं की काय, असं झालं.

पाचव्या दिवशी फौजदारबाईंनी धमकी दिली: सूत्रधार नियम पाळत नसेल तर आम्ही चौघं खेळ सोडतो. म्हणजे दोन महिन्यांचा खेळ बसला असता. पण आत्या, खरं सांगू? मला खेळापेक्षाही तो माणूस का बोलत नाही हे कळायला हवं होतं. आजारी आहे? रागावलाय? ओळख करून देताना त्याने लिहिलं होतं, की बस स्थानकामागे, हिरव्या दाराच्या जिन्याखाली शिलाई मशीन दुरुस्त करतो. स्थानक आमच्याच गावचं. शनिवारी दुपारी मी घरचं मशीन उचललं आणि निघाले. (रिक्षा करायचं सुचलं नाही. पाठीचं कारण हेच.)

दुकान खणाएवढं. मशीनची डोकी फळीवर ओळीने, सुया औषधाच्या बाटल्यांत. सत्तरीचे एक गृहस्थ, आणि तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर आमचा फोरम! मी म्हटलं, “टाका सुटतो.” त्यांनी चिंधीवर वीतभर शिलाई मारली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “टाका तर मोत्यासारखा आहे. तुम्ही कशाला आलात?”

“तुम्ही तिपाई ना?” मी विचारलं.

ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. बराच वेळ चाक उगाचच फिरवत राहिले. मग म्हणाले, “चाळीस वर्षं इथे बसतोय हो. लोक येतात, मशीनबद्दल बोलतात. माझ्याबद्दल इतकं कोणी कधी बोललं नव्हतं. बायकोला रोज वाचून दाखवतो. एकाने लिहिलंय, हा माणूस खोल आहे. तोंड उघडलं की कळेलच ना त्यांना, की तसं काही नाही.”

चहा घेतला. शेवटी म्हटलं, नियम माझा आहे, एक ओळ तरी लिहा, नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल आणि ते मला आवडणार नाही. संध्याकाळी त्यांनी लिहिलं: “मी आहे. चोर नाही. उशिराबद्दल माफी असावी.”

तासाभरात सात मतं पडली. इतका सरळ बोलणारा चोरच असणार, असं सगळ्यांचं म्हणणं. तिपाई बाद, मुदत संपली, चोर जिंकले, फौजदारबाईंनी नाचणारी चित्रं टाकली. पण बाद झालेल्यांसाठी फोरमवर एक वेगळी खोली असते, तिथे तिपाई असे सुटले म्हणतेस! आता लपवायला काही उरलं नाही म्हणाले, आणि दिवसाला वीस वीस वेळा लिहायला लागले: गिऱ्हाइकं, मशीनचे स्वभाव, बायकोने काढलेल्या चुका. नव्या खेळात त्या खोलीत जायला मिळावं म्हणून लोक आपणहून बाद व्हायला बघतात. हे कसं सांभाळायचं ते मला अजून उमगलेलं नाही. एक सुधारणा मात्र मी केली. नाव नोंदवताना प्रत्येकाने एका नातेवाइकाचा फोन नंबर द्यायचा, म्हणजे कोणी गप्प झालं तर विचारता येईल.

काकांना नमस्कार. गुडघ्यांची काळजी घे.

तुझी,
कवळीवाली भाची

ता. क. नातेवाइकांच्या नंबरांचा तक्ता फोरमवर सगळ्यांना दिसतो, त्यात माझ्या नावापुढे तुझा नंबर दिला आहे. विचारायचं राहून गेलं.

आणखी एक ता. क. चार दिवस झाले, मी फोरमवर अक्षर लिहिलेलं नाही. पाठ सोडली तर ठणठणीत आहे. वाचते मात्र सगळं. कोणी म्हणतं माझं लग्न ठरलं, कोणी म्हणतं मी रुसले. फार छान लिहितायत. तुला फोन आला तर आधी ‘मला काही ठाऊक नाही’ म्हण, थोडं आर्जव करू दे, मग माझा पत्ता दे. कोणी केला ते लगेच कळव. आणि कोणीच केला नाही, तर तेवढं मात्र कळवू नकोस.