दाबलेला ठसका

अमरावती, पौष शुद्ध पंचमी, शके १७८५

शाळेत शिकवतो ती इंग्रजी कविता आज संध्याकाळी हिला मराठीतून सांगितली. तळ्यातली बाई एका सरदारावर मोहिनी घालते, तो घरदार सोडतो, अन्नपाणी टाकतो आणि काठावरच झुरून मरतो. वाटलं, आमची बायको डोळे पुसेल. कसलं काय!

"त्याले घरी कोणी नव्हतं काय? दृष्ट काढाची ना!" मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "तुमी बी आठ दिवस झाले, त्या पुस्तकापायी अर्धी भाकर टाकून राहिले. बसा पाटावर."

सारं गाव कापसाच्या भावानं वेडं झालंय, त्याची दृष्ट कोण काढतंय! पण बसलो मुकाट्यानं.

तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका घरात कुणालाच लागला नाही तर दृष्ट खरी, मग तीन दिवस काढायची, हा तिचा कायदा. ठसका तर माझ्या घशाशी आला होता. का दाबला मी? ओवाळताना तिची बोटं कपाळाला लागली, म्हणून?

"पाह्यलं? लागलीच होती," ती म्हणाली.

आत्ता लिहिताना ध्यानात येतंय, धुरानं डोळे तिचेही भरून आले होते. पण खोकली तीही नाही.