डाव्या बाजूची तार

प्रिय टिल्लू,

चाळिशी उलटलेल्या सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणू नये, हे मला कळतं. पण दुसऱ्या कुठल्या नावाने लिहायला घेतलं की हात अडतो. पत्राबरोबर एक खोका आहे, तो आधी फोडू नकोस. तुला लहानपणापासून गोष्टीचा शेवट आधी वाचायची खोड, म्हणून चिकटपट्टीचे चांगले चार वेढे मारलेत. आधी हे सगळं वाच, मग खोका.

बातमी अशी की आपली जोडहोडी बाहेर काढली. सहा वर्षं आपल्या शिडांच्या शिवणघराच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. दोन्ही होड्यांच्या मधल्या जाळीवर पाणी साचून शेवाळ धरलं होतं आणि एका मांजरीने तिथे बाळंतपण उरकलं होतं. बाबा एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, मला एकदा पाण्यावर जायचंय. न्हाव्याकडे जायचंय म्हणावं, अशा सुरात. मी म्हटलं, बाबा, तुमचं वय चौऱ्याहत्तर, उजवा हात खिशात घालून ठेवलेला. ती होडी दोन धडधाकट माणसांची, वारा भरला की एकाने बाहेर लटकायचं. तर म्हणाले, मग बदल. होडी तीच ठेव, वारा कमी मागेल अशी कर. त्यांच्यापुढे कोणाचं काही चाललंय का आजवर?

तेव्हापासून दोन महिने हेच चाललंय. डोलकाठी बुडातून अडीच हात कापली. कापलेला तुकडा बाबांनी टाकू दिला नाही, आता तो शिवणघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावलाय. मोठं शीड उलगडून शिवणघराच्या जमिनीवर पसरलं. पांढरं कापड पिवळं पडलंय, पण शिलाई शाबूत आहे. अजूनही त्या लाकडी जमिनीवर पायमोजे घालूनच यायचं, आणि मोज्याला भोक असेल तर बाबा अजूनही दारातून परत पाठवतात. ते स्टुलावर बसून डाव्या हातातल्या काठीने दाखवतात, मी गुडघ्यांवर रांगत खडूने रेघ मारते. शीड खालून कापलं. त्यामुळे वरच्या टोकाजवळची तुझी ती वाकडी शिलाई वाचली. बारा वर्षांचा असताना घातलेली, आणि उसवू देणार नाही म्हणून दोन दिवस जेवला नव्हतास. बाबांनी काठीचं टोक तिच्यावर ठेवलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग म्हणाले, हं, पुढे.

वारा वाढला तर शीड अर्धं गुंडाळून बांधता यावं म्हणून त्याला बंदांच्या दोन ओळी शिवल्या. पुढचं लहान शीड आता एका दोरीने स्वतःभोवती गुंडाळलं जातं, त्यासाठी कोणी उठून पुढे जायला नको. सगळ्या दोऱ्या मधोमध आणल्या आहेत. एकाच माणसाने बसल्या जागेवरून होडी हाकावी आणि दुसऱ्याने नुसतं पाण्याकडे बघावं, अशी सोय. बाबा म्हणाले, घोड्याची गाय केलीस. बरं झालं, गाय पाडत नाही. ते हसले, मीही हसले.

बाबांच्या हाताची तुला कल्पना नसेल. तू गेलास तेव्हा डॉक्टर अजून आशा दाखवत होते. आता तो हात म्हणजे अंगाला टांगलेली वस्तू. डोलकाठी खांद्यावर पडली तिथली हाडं जुळली, पण नसा गेल्या त्या गेल्याच. ज्या हाताने चाळीस वर्षं जाड कापडातून सुई ओढली, त्या हाताला आता स्वतःचं बटण लावता येत नाही. सही डाव्या हाताने करतात, ती पहिलीतल्या पोराने केल्यासारखी दिसते. तक्रार एकदाही केली नाही. राग फक्त तुझ्यावर काढला, तोही त्या एकाच दिवशी, तुला माहीत आहे त्या शब्दांत. ज्याला एक पिन नीट लावता येत नाही त्याने माझ्या शिवणघरात पाय ठेवू नये. तू ते इतकं मनावर घेतलंस की गावच सोडलंस, पाणी सोडलंस आणि कपाटं बनवणाऱ्याकडे नोकरी धरलीस.

मागच्या महिन्यात ते आपणहून म्हणाले, टिल्लूला बोलाव. माझ्या हातातला खडूच खाली पडला. पण लगेच पुढचं वाक्य आलं. डोलकाठी मात्र त्याच्या हातून उभी करायची नाही. पिना तू लावायच्या, गाठी तू बांधायच्या, त्याने नुसतं बसायचं. तेव्हा मला कळलं की हा सगळा खटाटोप कशासाठी आहे. दोऱ्या मधे आणणं, काठी कापणं, शीड लहान करणं, हे फक्त त्यांच्या हातासाठी नव्हतं. तू होडीत असतानाही काही पडू नये, अशी होडी त्यांना हवी होती. माफ केलं होतं, पण विश्वास नव्हता. मी मान डोलावली आणि खडू उचलला.

त्याच आठवड्यात तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिने तुझी चहाडी केली असं समजू नकोस, बिचारी काळजीने बोलली. म्हणाली, हे दाराचं कुलूप तीनदा ओढून बघतात. बसस्टॉपवरून परत येतात, गॅस बंद आहे का बघायला. लेकीला गाडीत बसवून पट्टा लावतात आणि मग मला म्हणतात, तू एकदा बघ गं, मी लावलेल्याचा भरवसा नाही. ताई, पूर्वीपासून असेच होते का? मी म्हटलं, हो, थोडा वेंधळाच होता. फोन ठेवला आणि तिथेच जिन्यावर बसून राहिले. टिल्लू, तू कधीच वेंधळा नव्हतास. आपल्या घरात सगळ्यांत नीटनेटका तूच होतास.

आता आपली ती तुटकी टेप आठव. तोंडाकडचे दहा सेंटिमीटर कधीतरी कात्रीखाली आले, आणि बाकीची धडधाकट आहे म्हणून बाबांनी फेकली नाही. टेप दहापासूनच सुरू, म्हणून मोजताना दहा वजा, कापताना दहा जास्त. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी हाच मंत्र. आत्या आपल्या सुनेच्या माहेराबद्दल सांगायला लागली की तू माझ्या कानात हळूच म्हणायचास, दहा वजा. किती हसायचो आपण! हा मंत्र सगळ्यांना घोकायला लावण्याचं काम माझं होतं. कोणी चुकलं की डोक्यात टपली मारायचा मान माझा होता.

अपघाताच्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी डोलकाठीला डावीकडून ताणून धरणारी तार मी नवी बनवली. जुनीचे दोन धागे तुटले होते. टेप लावली, आकडा बघितला आणि कापली. दहा जास्त धरायचे राहिले. मी विसरले, टिल्लू, मी. दोन्ही टोकांचे फासे दाबून झाले आणि मग तार काठीला लावून बघितली तर अर्धी वीत कमी. दुसरी तार घरात नव्हती, यायला आठवडा लागला असता. बाबांनी तुझ्याबरोबर जायचं ठरवून महिना झाला होता. आणि त्याच महिन्यात त्यांनी चार लोकांसमोर सांगितलं होतं की यापुढे कापायचं काम लेकीचं, तिचा हात चुकत नाही. मी खणातून घोड्याच्या नालेच्या आकाराची एक जुनी कडी काढली, तारेच्या खालच्या टोकाला जोडली, लांबी भरून काढली आणि वरून पांढरी पट्टी गुंडाळली. सकाळी तू विचारलंस, हे पांढरं काय गं? मी म्हटलं, शीड घासू नये म्हणून. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, ते टोक होडीला धरणारी पिन घातलीस, ती निसटू नये म्हणून तिला रिंग लावलीस आणि निघालास. पुढच्या आठवड्यात गुपचूप नवी तार करून टाकू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तुम्हाला ओढून किनाऱ्यावर आणलं तेव्हा सगळे बाबांकडे धावले. तूही. होडीजवळ मी एकटी उरले. कडी बंद ठेवणारा आट्यांचा खिळा गळून गेला होता, पट्टी फाटली होती. तुझी पिन मात्र जागच्या जागी होती आणि ती उघडी कडी तिच्यात अडकून लोंबत होती. ती दोन्ही मी काढली. कडी पाण्यात भिरकावली. संध्याकाळपर्यंत सांगून टाकू म्हटलं. पण दवाखान्याच्या बाकावर, कोणी काही विचारायच्या आत, तूच म्हणालास की रिंग लावायची राहिली असेल माझ्याकडून. तू म्हणालास आणि मी तुला म्हणू दिलं. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड झालं, महिन्याने अशक्य. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. असतं तर बरं झालं असतं.

तारांचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. काठी लहान झाली म्हणजे दोन्ही तारा कापून सारख्या करायच्या. एकदा कापल्या की कोणाला काही दिसणार नव्हतं. बाबा म्हणालेही, तारा तू एकटीच काप, मला त्या बघवत नाहीत. सुटका आयती ताटात वाढून आली होती. कटर हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. मग दोन्ही तारा जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या, वरची टोकं जुळवली आणि बाबांना हाक मारली.

ते आले, दारात चपला काढल्या, स्टुलावर बसले. खालच्या टोकांकडे बघितलं. डावी अर्धी वीत आखूड. त्यांनी टेप मागितली नाही. एवढंच म्हणाले, दहा. मग मी सगळं सांगितलं, कडी, पट्टी, पिन, सगळं. ऐकून झाल्यावर ते उठले आणि चपला न घालता, मोज्यांनीच बाहेर चिखलात चालत गेले. त्याला आज अकरा दिवस झाले. माझ्याशी कामापुरतं बोलतात. जेवतात, पण मी वाढलेलं नाही, स्वतः डाव्या हाताने वाढून घेतात. अर्धं सांडतं. मी उठत नाही, उठण्याचा हक्क मला राहिलेला नाही. काल पहिल्यांदा नीट बोलले. पत्र तू लिही, म्हणाले, कारण चूक तुझी आहे. त्याच्यापुढे मान मला खाली घालायची आहे, ती मी तो आल्यावर घालीन. आणि डोलकाठी त्याच्याशिवाय कोणी उभी करायची नाही.

काठी आडवी पडली आहे. नव्या तारा तयार आहेत, माप बाबांनी स्वतः घेतलं. तू येशील तेव्हा मी समोर असावं असं तुला वाटत नसेल तर दोन ओळी लिही, मी मावशीकडे जाऊन राहीन. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुझी सहा वर्षं मी खाल्ली, ती कुठल्या शब्दाने भरून येतात? पत्र खोक्यातल्या वस्तूसाठी आहे. सहा वर्षं ती माझ्या सुयांच्या डबीत होती. आता खोका फोड. तुझी पिन आहे आणि तिच्यात तुझी रिंग. तुझ्या बायकोला दाखव, लेकीला दाखव, आणि यापुढे कुलूप एकदाच ओढ. रिंग लावलेली होती, टिल्लू. ती काढताना माझं नख तुटलं होतं, इतकी नीट लावली होतीस.

तुझीच,
ताई