उंच पोरींची टीम

४ नोव्हेंबर
क्लबनं बास्केटबॉल कोच म्हणून काढलं. यंदा सात मॅच, सहा हार. अध्यक्षांनी चहा मात्र पाजला, वर बिस्किटं.
माझं म्हणणं एकच: टीम माझ्या खेळाची नव्हती. मी पळवणारा माणूस. अध्यक्षांनी ऑफिसच्या दारावर खडूची रेघ मारून ठेवलेली, डोकं रेघेच्या वर गेलं की पोरगी टीममध्ये. बॉल घेऊन सुसाट पुढे जाणारी एकही नाही. दोन वर्षं मागत होतो, एक तरी द्या.
घरी बायकोला सांगितलं. मंगल म्हणाली, "बरं झालं. आता सकाळी बसून पोहे खात जा जी."

९ नोव्हें.
खाल्ले. प्रताप नगरच्या कोपऱ्यावर, तर्री दोनदा मागून. शिट्टी ड्रॉवरमध्ये. छान चाललंय, आणि हे लिहायची जरा लाजच वाटते.
एक गोष्ट मंगललाही सांगितलेली नाही. टीममधल्या वैशालीला कुही गावाहून मीच आणलं. तिथल्या एका लग्नात पंगतीला वाढत होती, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. हातात बॉल देऊन बघितलासुद्धा नाही. अध्यक्षांच्या रेघेला नावं ठेवतो, पण तेव्हा माझ्या डोळ्यात तीच रेघ...

१७ नोव्हें.
वैशाली घरी आली, शेतातले तांदूळ घेऊन. नवे सर कसे, विचारलं.
"चांगले हायेत. मले बास्केटखाली उभी ठेवते. म्हणते, पळू नको, बॉल तुह्याकडं येईन."
मग, "सर, तुमी मले काहून पळवत होते जी?"
मला दुसरं काही येत नाही म्हणून. हे म्हणायला हवं होतं. म्हटलं, "चहा घे."

२६ नोव्हें.
मॅच बघायला गेलो, मागच्या पायरीवर बसलो. जिंकल्या. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. बॉल नेणारी एक बुटकी, चपळ पोरगी नवीन दिसली. मी मागत होतो तशीच. म्हणजे मी बरोबर होतो. पण निम्मे पॉइंट वैशालीचे, उभ्याउभ्या. म्हणजे...
मंगल: "ठरलं का आता, चूक कोणाची ते?"
नाही.

४ डिसें.
मनीषनगरच्या क्लबचा फोन. "टीम तुमीच निवडा सर. आमी मधात नाही येत."
मंगल भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता हरले तर नाव कोणाचं घ्याल?"
क्लबला हो म्हणून बसलो.

७ डिसें.
निवड. नऊ पोरी आल्या. आठ उंच, एका चकरेत धापा टाकणाऱ्या. नववी बुटकी, तर तिला बॉलचीच भीती. मला हसूच आवरेना. कोणत्या घेता, विचारलं. म्हटलं, सगळ्या. बरं वाटलं म्हणताना.
शिट्टी शोधली तर मंगलनं आधीच धुऊन ठेवलेली.
उद्या सहाला मैदानावर. काय शिकवायचं ते लिहायला बसलो. सवयीनं लिहिलं: आधी दहा चकरा. खोडलं.
त्याखाली अजून काही लिहिलेलं नाही.